खबर देणाऱ्याचे नाव

सन १९१८च्या ऑक्टोबरच्या तेरा तारखेपासून १९१९च्या मार्चअखेरपर्यंत कवठखेडे या गावी एक्क्याण्णव माणसे मेली. त्यांत महार एकही नव्हता. गावाची वस्ती तेव्हा अकराशेच्या घरात होती आणि तिचा सातवा हिस्सा महारवाड्यात राहत होता.

सुकदेव बैसाणे याच्या हाती हे आकडे १९९२च्या दिवाळीनंतर आले. तो मूळचा रसायनशास्त्राचा पदवीधर. प्रयोगशाळेत नोकरी मिळेना म्हणून त्याने इतिहासात एम.ए. केले, धुळ्याच्या एका महाविद्यालयात तासावर शिकवू लागला आणि जळगावला विद्यापीठ झाल्यावर तिथे एम.फिल.ला नाव घातले. दर शनिवारी सकाळच्या एसटीने पारोळा, एरंडोल करत तो जळगावला जाई आणि संध्याकाळी परत येई. विषय होता १९१८ची तापाची साथ आणि पूर्व खानदेशातली खेडी. ही साथ दसऱ्याच्या सुमारास खेड्यांत शिरली आणि दिवाळीपर्यंत घरेच्या घरे रिकामी करून गेली, एवढे सर्वांना ठाऊक होते. कुठल्या गावात कोण मेले आणि किती, हे कुणी मोजले नव्हते.

मोजायला साधन होते. प्रत्येक गावचा पोलीस पाटील जन्ममृत्यूची वही ठेवत असे. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. त्या वह्या तालुक्याच्या कचेरीतल्या अभिलेख खोलीत होत्या, लिपी मोडी होती, आणि त्या खोलीचा कारभार झुलाल नाना नावाच्या, निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या कारकुनाकडे होता.

"इथे सगळे येतात ते आजोबाची जात शोधायला," नाना पहिल्याच दिवशी म्हणाले. "दाखल्याला लागते ना. नुसतं मेलेल्यांची विचारपूस करायला आलेले तुम्ही पहिले. नातेवाईक आहेत का कुणी?"

"नाही, नाना. अभ्यास आहे."

"मग बसा. नातेवाईक फार घाई करतात."

सुकदेवचे मार्गदर्शक डॉ. मोतीलाल वाणी. संशोधनपद्धतीचा तास तेच घेत. सहा विद्यार्थी असत, आणि त्या सहांना त्यांनी पहिल्या सत्रात एकच तळटीप चाळीस वेळा लिहायला लावली होती. स्वल्पविराम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मोडीही त्यांनीच शिकवली. कागद पुढे आला की तो खरा की बनावट हे आधी पाहायचे, हे बाह्य परीक्षण. खरा ठरला की तो लिहिणाऱ्याला ही गोष्ट कळली कशी, हे विचारायचे, ते अंतर्गत परीक्षण. "तळटीप म्हणजे तुमचा जामीनदार," सर म्हणत. "जामीनदार नसेल तर तोंड उघडू नका." नोंदी उतरवायला त्यांनी छापखान्यातून कार्डे छापून घेतली होती. प्रत्येक कार्डावर सहा चौकटी होत्या: तारीख, नाव, जात, लिंग, वय, कारण. वहीत रकाने नऊ होते. उरलेले तीन सरांनी बिनकामाचे ठरवले होते आणि सुकदेवने ते कधी वाचले नव्हते.

शेजारच्या दोन गावांच्या वह्या त्याने आधी उतरवल्या होत्या. तिथे महारवाड्यात माणसे ढिगाने मेली होती. कवठखेड्यात मात्र शून्य. सुकदेवने कार्डे तीनदा मोजली आणि सरांपुढे ठेवली. सरांनी गावाचा जुना नकाशा मागवला. शेजारच्या दोन्ही गावांत महारवाडा वेशीला लागून होता. कवठखेड्यात तो नाल्यापलीकडे, गावापासून तीन फर्लांगांवर.

"हे पाहा," सर म्हणाले. "तीन फर्लांग. रोग येणार कसा? ज्याला आपण बहिष्कार म्हणतो तोच इथे विलगीकरण ठरला." मग चष्मा काढून, वर्गाकडे बघत ते पुढे म्हणाले, "बैसाणे, जन्मभर शिवाशिवीचा तोटाच वाचत आलो. हा पहिला फायदा. आणि तोसुद्धा तुमच्याच वाट्याला."

वर्ग हसला. सुकदेवही हसला. खरे सांगायचे तर ते अनुमान त्याला मनापासून आवडले होते. लहानपणापासून त्याने जे ऐकले होते त्यात प्रत्येक भिंत आपल्याच लोकांच्या अंगावर कोसळत आली होती. एक भिंत तरी उलट्या बाजूने उपयोगी पडली, असे कागदावर लिहिता येणार होते. शून्य हा आकडा दिसला की आधी उपकरण तपासावे, हे तो प्रयोगशाळेत तीन वर्षे शिकला होता. इथे त्याने उपकरण तपासले नाही.

फेब्रुवारीत धुळ्याच्या चर्चासत्रात त्याने निबंध वाचला. टाळ्या झाल्या. सरांनी हेच अनुमान आपल्या नावावरच्या एका लेखात घातले आणि 'बैसाणे यांच्या संशोधनानुसार' अशी तळटीप दिली. धुळ्यातल्या त्याच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतले. इतिहासाची एक कायम जागा भरायची होती. त्या वर्षाअखेरपर्यंत एम.फिल. झालेल्यांना नेट परीक्षेची अट नव्हती. त्यानंतरच्यांना होती, आणि नेट इतिहासात खानदेशातून वर्षाला एखादाच उत्तीर्ण होई. "डिसेंबरच्या आत पदवीचा कागद आणा," प्राचार्य म्हणाले, "जागा तुमची." डिसेंबरच्या आत तोंडी परीक्षा व्हायची तर प्रबंधिका ऑगस्टच्या एकतीस तारखेला विद्यापीठात पडायला हवी होती. सुकदेव चौतीस वर्षांचा होता आणि आठ वर्षे तासावर शिकवत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला पगार नसे.

मे महिन्यात तो कवठखेड्याला जाऊन आला. तोंडी माहिती हे एक परिशिष्ट सर्व प्रबंधिकांना असे, तसे हिलाही हवे होते. बौद्धवाड्यात भिकुबाई नावाची पंचाऐंशीच्या पुढची म्हातारी होती. साथीच्या वेळी ती दहा वर्षांची असावी. सुकदेवने विचारले, "आजी, त्या तापाच्या साथीत तुमच्या वस्तीतली किती माणसं गेली?"

"बठ्ठी गयी, बापू," म्हातारी म्हणाली. "किती काय इचारस?"

"बठ्ठी कशी? तुम्ही आहात ना."

"मी शे. मी काय माणूस शे?" ती हसली आणि तिने त्याला चहा घेण्याचा आग्रह केला.

त्याने कार्डावर लिहिले: तोंडी माहिती, आकडा नाही, अतिशयोक्ती, ग्राह्य धरता येत नाही. सरांनी त्या शेऱ्याखाली लाल शाईने 'योग्य' असे लिहिले.

जुलैच्या शेवटच्या रविवारी सकाळी सुकदेव चौथ्या प्रकरणाचा खर्डा मोठ्याने वाचत बसला होता. त्याची बायको प्रमिला समोर महिन्याचा तक्ता भरत होती. ती धुळे तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. गावोगावचे जन्म, मृत्यू आणि लसी यांचे आकडे भरून वर पाठवणे हे तिचे रोजचे काम. तिने पेन थांबवले.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"दीडशे माणसांत? साडेपाच महिने?"

"तेच तर प्रकरणाचं वैशिष्ट्य आहे."

"साथ नव्हती असं धरा. तरी दोन-तीन म्हातारे गेले असते. एखादं तान्हं गेलं असतं. साथ अडवली तुमच्या नाल्यानं, म्हातारपणही अडवलं का?"

तिने तक्ता पुढे ओढला आणि लिहिता लिहिता म्हणाली, "आमच्या कुंदाबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या ना मागच्या साली? त्यांच्या हद्दीत चार महिने एक मूल जन्माला आलं नाही. तक्त्यावर शून्य, शून्य, शून्य. वरून शाबासकीचं पत्र आलं, कुटुंबनियोजनात पहिला नंबर. आता बायका काय कुंदाबाईंची रजा संपायची वाट बघत बसल्या होत्या?"

"जन्म," सुकदेव म्हणाला.

"काय?"

"मी जन्माची वही पाहिलेलीच नाही."

सोमवारी त्याने रजा टाकली. झुलाल नानांनी जन्माची वही काढून दिली. "आता जिवंतांकडे वळलात का?" ते म्हणाले. "चांगलं आहे."

महारवाड्यात वर्षाला सहा-सात मुले जन्मत असत. आधीच्या पाच वर्षांची सरासरी तशीच होती. १२ ऑक्टोबर १९१८नंतर एकही जन्म नव्हता. पुढचा जन्म १९१९च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला. साडेपाच महिन्यांत तीनच जन्म अपेक्षित होते, आणि तिनाच्या जागी शून्य योगायोगानेही येऊ शकते, हे सुकदेवला कळत होते. परंतु मृत्यूचे शून्य आणि जन्माचे शून्य एकाच तारखेला सुरू होऊन एकाच आठवड्यात संपत होते. ऑक्टोबरात जन्मणारी मुले साथीच्या कितीतरी आधी पोटात आली होती. नाल्याचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. थांबले होते ते मरणही नव्हे आणि जन्मही नव्हे.

त्याने मृत्यूची वही पुन्हा मागवली आणि पहिल्यांदाच नववा रकाना वाचला. त्यावर शीर्षक होते: खबर देणाऱ्याचे नाव.

गावातल्या नोंदींपुढे मुलगा, भाऊ, पुतण्या, कधी शेजारी अशी नावे होती. ज्याच्या घरी मरण, त्याच घरचा कुणी पाटलाच्या ओट्यावर येऊन सांगून गेला होता. महारवाड्याच्या नोंदींपुढे मात्र घरच्या माणसाचे नाव एकदाही नव्हते. १९१८च्या चैत्रापासून प्रत्येक नोंदीपुढे एकच नाव होते: पाळीचा महार उखर्डू पुना. गावकीची वतनी कामे महारवाड्यातली घरे सालासालाच्या पाळीने करत, आणि त्या साली ज्याची पाळी तो पाळीचा महार. त्याच्या आधीच्या साली दुसरे एक नाव, तेही सालभर तेच. १९१९च्या एप्रिलपासून तिसरे: पाळीचा महार चिंधा. कचेरीच्या कपाटात जुनी पंचांगे होती. त्या साली पाडवा एप्रिलच्या पहिल्या तारखेला पडला होता.

उखर्डूने दिलेली शेवटची खबर १२ ऑक्टोबरची होती. मयताचे नाव झुंबर, जात महार, स्त्री, वय पंचवीस, कारण ताप. नावाखाली बारीक अक्षरात लिहिले होते: खबर देणाराची बायको.

त्यानंतर उखर्डू पुना हे नाव वहीत कुठेच नव्हते. मृतांच्या नावांतही नव्हते.

नाना चष्मा पुसत होते. "मिळालं का काही?"

"एक माणूस हरवलाय, नाना."

"इथे हरवत नाही कुणी. बांधून ठेवलेले असतात."

दुसऱ्या दिवशी सुकदेव भिकुबाईकडे गेला. या वेळी त्याने आकडा विचारला नाही. "आजी, तुमच्या वस्तीत कुणी मेलं तर पाटलाकडे सांगायला कोण जायचं?"

"ज्यानी पाळी व्हती तो," ती लगेच म्हणाली; जणू हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून उत्तर तयार करून ठेवले होते. "त्या साले उखर्डू आबानी पाळी व्हती. वेसना बाहेर उभा ऱ्हाई, हाक मारी, पाटील ओट्यावरथीन लिखी ले."

"आणि उखर्डू मेल्यावर?"

"तो झुंबरना मांगे चार रोजमा गया. दसरा व्हता." तिने हात पाण्यात बुडवल्यासारखा खाली नेला. "मंग कोन सांगी?"

"चिंधा होता की. बाकीची माणसं होती. कुणी का गेलं नाही?"

"चिंधानी पाळी पाडवाले व्हती, बापू. त्यान्हा आधी कसा जाई?" या माणसाला साधी गोष्ट कळत नाही, अशा नजरेने ती बघत होती. "पाळी उखर्डूनी. सालना हक्क उखर्डूना: खळ्यावरनं धान्य, सणनी भाकर. तो गया, पन लेकरू व्हतं जित्तं, दोन वरीसनं. दुसरानं काम करं ते हक्क त्यान्हा व्हई जाई. लेकरूले काय ऱ्हाई? भाऊकी बसनी, ठराव करा, कोन्ही पाळी धराव नही. पाडवापर्यंत लेकरूना हक्क."

"पण खबर तरी द्यायची. हक्क न घेता."

"एक जन गया व्हता. मन्हा काका. पाटील बोलना, तुन्ही पाळी शे का? काका बोलना, नही. ते पाटील बोलना, मंग तू कोन?"

"आणि मेलेल्यांचं?"

"नालाना काठे. खड्डा खंदाले माणसं नव्हतात. एक खड्डामा तीन-तीन." मग ती नावे सांगू लागली. घर धरून, नाल्याकडच्या टोकापासून. सुकदेवने लिहून घेतली. एकोणीस झाली. तिने मध्येच विचारले, "हाई लिखीसन काय व्हई?" आणि उत्तराची वाट न पाहता विसावे नाव सांगितले. विसाव्याविषयी तिला खात्री नव्हती.

"आणि ते लेकरू?"

"संक्रांतले गयं," भिकुबाई म्हणाली. "ते एकवीसवं लिख."

ऑगस्टच्या चौदा तारखेला सुकदेवने हे सर्व मोतीलाल सरांपुढे ठेवले. सरांनी कार्डे शांतपणे वाचली. जन्माचा तक्ता दोनदा पाहिला.

"तर्क चांगला आहे," ते म्हणाले. "पण तर्क आहे. वहीत उखर्डू मेला असं नाही. म्हातारी म्हणते मेला. ही म्हातारी मे महिन्यात म्हणाली होती सगळे मेले, आणि तुम्ही लिहिलं होतं, ग्राह्य धरता येत नाही. आज ग्राह्य कशी झाली?"

"मे महिन्यात माझा प्रश्न चुकीचा होता, सर."

"असेल. परीक्षक तुमचा प्रश्न वाचणार नाही, तळटीप वाचेल. कागद कुठाय?"

"कागद नाही."

सरांनी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर नव्या इमारतींच्या विटा पावसात भिजत पडल्या होत्या. "बैसाणे, तुमच्या जागेचं मला ठाऊक आहे. सतरा दिवस आहेत. हे प्रकरण आहे तसं द्या. पदवी घ्या. मग एक लेख लिहा, माझं खंडन करा. मी स्वतः छापून आणतो. राग धरणार नाही."

"सर, जे खोटं आहे हे मला माहीत आहे ते—"

"माहीत आहे की वाटतं?"

सुकदेव टेबलावरची कार्डे गोळा करू लागला.

"माहीत असेल तर दाखवा. वाटत असेल तर एकतीस तारीख पाळा. मधला रस्ता मी तुम्हाला शिकवलेला नाही."

परतीच्या एसटीत सुकदेवने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. सर बोलले ते बरोबर होते, आणि त्यातच अडचण होती. जुने प्रकरण दिले असते तर कुणाचेही काही बिघडणार नव्हते. मेलेले मेलेच होते, पाटील मेला होता, त्यांची नातवंडे मतदानाला एकाच रांगेत उभी राहत होती. फक्त एका पुस्तकात, विद्यापीठाच्या शिक्क्यासह, असे लिहिले जाणार होते की कवठखेड्याच्या महारांना गावाबाहेर राहण्याचा फायदा झाला. आणि ते लिहिणाऱ्याचे आडनाव बैसाणे असणार होते. पुढच्या माणसाला तळटीप देताना तेवढे पुरले असते.

प्रमिलाने सगळे ऐकून घेतले. "जागेचं काय?" एवढेच तिने विचारले.

"कागद लवकर मिळाला तर दोन्ही होईल."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर जागा जाईल."

"मला तुमचं इतिहासाचं कळत नाही," ती म्हणाली. "पण चूक माहीत असलेला तक्ता मी सही करून पाठवला तर मला झोप येत नाही. पाठवलेत मी. दोनदा."

पाटलाने तालुक्याला पाठवलेली पत्रे निराळी ठेवलेली होती. १९१८-१९ सालची पत्रे चाळीस रुमालांत बांधलेली होती. लाल कापडात दस्त गुंडाळून गाठ मारलेला गठ्ठा, त्याला कचेरीत रुमाल म्हणतात. त्यांवर गावांची नावे नव्हती. आले त्या क्रमाने कागद टाकले होते. सुकदेव तास आटोपून रोज दुपारी येई, नाना पाच वाजता कुलूप लावीत. दिवसाला दीड रुमाल होई. वाळवीने खाल्लेले कागद हळू उलटावे लागत. साथीच्या महिन्यांतल्या पत्रांत ठिकठिकाणचे पाटील मेल्याच्या खबरा होत्या, त्या त्यांच्या मुलांनी लिहिल्या होत्या. एका पत्रात शाई अर्ध्यावर तुटली होती आणि खाली दुसऱ्या हाताने 'लिहिणार मयत' असे लिहिले होते.

एकतीस ऑगस्टला तो तेविसाव्या रुमालावर होता. जुने प्रकरण टंकलिखित होऊन पिशवीत पडले होते. सकाळी निघताना त्याने ते मुद्दाम बरोबर घेतले होते. कचेरीपासून जळगाव तासाभराच्या अंतरावर. तीनला निघाले असते तरी चालले असते. तीन वाजता नानांनी चहा आणला.

"आज तुमची तारीख ना?"

"हो."

"मग इथे काय करताय?"

"रुमाल सोडतोय, नाना."

नानांनी कपात चहा ओतला आणि स्वतः चोविसाव्या रुमालाची गाठ सोडायला घेतली. ते काम त्यांनी याआधी कुठल्याही अभ्यागतासाठी केले नव्हते.

सप्टेंबरच्या नऊ तारखेला, बत्तिसाव्या रुमालात, कागद मिळाला. कवठखेड्याच्या पाटलाचे पत्र, तारीख ४ नोव्हेंबर १९१८. सुकदेवने ते उभ्यानेच वाचले: 'मौजे मजकूर येथील चालू सालचे पाळीचा महार उखर्डू पुना हा ताप येऊन मयत झाला सबब महारवाड्याकडील जन्ममृत्यूची खबर इकडे येत नाही. पाळी बदलून देण्याबद्दल हुकूम व्हावा.' पत्राच्या डाव्या समासात कचेरीचा शेरा होता: 'वतनाची पाळी साल अखेर बदलते. मध्ये फेरफार करता येत नाही. पाडव्यास पाहावे. दप्तरी दाखल.'

पाटलाने कळवले होते. कचेरीने उत्तर दिले होते. भाऊकीने अनाथ पोराचा हक्क राखला होता. ज्याचे जे काम होते ते प्रत्येकाने नियमाने केले होते.

मोतीलाल सरांनी पत्राची नक्कल वाचली. मग आपल्या कपाटातून तो छापील लेख काढला आणि 'बैसाणे यांच्या संशोधनानुसार' या ओळीवर पेन्सिलने एक आडवी रेघ ओढली. "प्रकरण नव्याने लिहा," ते म्हणाले. "मी प्रत्येक पान वाचीन. वाचल्याशिवाय मी सही करत नाही."

"उशीर होईल, सर."

"तो झालाच आहे."

नवे प्रकरण नोव्हेंबरात पूर्ण झाले. सरांनी त्यातली विशेषणे खोडली. 'निष्ठुर' हा शब्द चार ठिकाणी होता, 'दुर्दैवाने' सात ठिकाणी. समासात त्यांनी लिहिले: याला तळटीप देता येत नाही. भिकुबाईने सांगितलेली एकवीस नावे परिशिष्टात गेली, वर सूचना देऊन की इतर पुराव्याने त्यांचा पडताळा होऊ शकलेला नाही. तोंडी परीक्षा १९९४च्या मार्चमध्ये झाली. धुळ्याची जागा त्याआधीच, जानेवारीत, दुसऱ्या एका उमेदवाराला मिळाली होती. त्याच्याकडे डिसेंबरचा कागद होता. सुकदेव त्या जूनमध्येही तासावर रुजू झाला, आणि पुढच्या जूनमध्येही. नेटला तो दोनदा बसला.

प्रबंधिकेच्या तीन बांधीव प्रती झाल्या. चौथ्या प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद असा आहे:

'ऑक्टोबर १९१८ ते मार्च १९१९ या काळात कवठखेडे येथील महारवाड्यात मृत्यू झाले. किती झाले ते सांगता येत नाही. वहीत त्यांची नोंद नाही. महारवाड्याची खबर फक्त पाळीच्या महाराकडून घेतली जात असे. त्या सालचा पाळीचा महार ऑक्टोबरच्या मध्यास साथीत मरण पावला. पाळी पाडव्यालाच बदलत असल्यामुळे त्याच्या जागी दुसरा कोणी आला नाही, आणि येऊ पाहणाऱ्याची खबर स्वीकारली गेली नाही. नोंद नसण्याचे कारण हेच आहे.'